सरळ हाताचा फटका

मंडळी, फोरहँडला मराठीत काय म्हणायचं यावर माझं आणि नातीचं अजून एकमत झालेलं नाही. मी ‘सरळ हाताचा फटका’ असं सुचवलं. ती म्हणाली, "मग बॅकहँड म्हणजे काय आबा, वाकड्या हाताचा?" पस्तीसेक वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाला असं कुणी बोललं की तो गप्प बसत नाही. मी म्हटलं, बरं, ‘तळहाती फटका’ म्हण आणि दुसऱ्याला ‘पाठहाती’. फोरहँडमध्ये तळहात चेंडूकडे असतो, बॅकहँडमध्ये हाताची पाठ. यावर ती जरा थांबली. तळहात उजवीकडे केला, डावीकडे केला, थोडा खाली झुकवला. मग म्हणाली, "म्हणजे रॅकेटचं तोंड म्हणजे माझा तळहातच की!" शब्द तिला पसंत पडला नाही, पण त्यातली गोष्ट पटली. असो. या लेखात मी फोरहँडच म्हणणार आहे, नाहीतर पुण्याची मंडळी हसतील.

आता तुम्ही विचाराल, सत्तरी ओलांडलेला, जन्मात टेनिस न खेळलेला, मराठी घेऊन बीए झालेला हा मास्तर टेनिसवर कशाला लिहितोय? आणि तेही जव्हारमध्ये बसून? शंका रास्त आहे. आमच्याकडे राजवाडा आहे, हनुमान पॉइंट आहे, दाभोसा धबधबा आहे, पावसाळ्यात अंगावर धावून येणारं धुकं आहे. टेनिस मात्र टीव्हीवर दिसतं तेवढंच. शाळेत मला मराठीबरोबर खेळाचा तास मिळायचा, तोही अंगाने काटक दिसायचो एवढ्याच पात्रतेवर. त्या तासाला कबड्डी, खो-खो, लंगडी, गोळाफेक. रॅकेट शाळेत आली ती बॅडमिंटनची, आणि तिच्यावरसुद्धा शिक्षकांनीच आधी हात साफ केला :-)

कारण असं की गेल्या मे महिन्यात नात सुट्टीला आली. वय पंधरा, नववीची परीक्षा झालेली. पाच वर्षं पुण्यात टेनिस शिकते आहे. दरवेळी येते तेव्हा आधी आजीच्या गळ्यात पडते, मग करवंदं शोधते. या वेळी तिने किटबॅग कोपऱ्यात ठेवली आणि त्याकडे चार दिवस पाहिलंसुद्धा नाही. पाचव्या दिवशी आमच्या सौभाग्यवतींनी तिच्याकडून काढून घेतलं. तिला कुणीतरी शिकवणाऱ्याने सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "तुझ्यात ताकदच नाही. फोरहँड तुझा होणार नाही, नुसते चेंडू परत टाकत राहा." कोण, कुठला, हे मी इथे लिहीत नाही. तिकडे आमच्या चिरंजीवांचं म्हणणं असं, की दहावीचं वर्ष आहे, क्लासची फी, टेनिसची फी, प्रवास, तारा, बूट, हे सगळं कुठवर? जूनमध्ये एकदा बसून ठरवू, जमत नसेल तर थांबवू. त्याचंही चूक नाही. त्याला महिन्याचा हिशेब लावावा लागतो.

पण ‘ताकद नाही’ हे वाक्य मला झोंबलं. गणित येणार नाही, आवाज चांगला नाही, अक्षर सुधारणार नाही, अशी वाक्यं शाळेत मी फार ऐकली आहेत. मुलं ती आयुष्यभर खिशात घेऊन फिरतात. म्हणून म्हटलं, आधी खरंच ताकद नाही का ते तर बघू.

सुदैवाने आता घरात इंटरनेट आहे (लाइट असली तर). मी आठ-दहा दिवस नुसतं वाचलं आणि पाहिलं, वहीत टिपणं काढली. जुनी सवय.

पहिलं टिपण साध्या मापांचं. कोर्ट ७८ फूट लांब, एकेरीला २७ फूट रुंद. जाळी मधोमध ३ फूट, खांबांशी साडेतीन फूट. चेंडू ५६ ते ५९.४ ग्रॅमचा. आणि चेंडू तारांवर किती वेळ टिकतो? सेकंदाचा दोनशेवा भाग, फार तर थोडा इकडेतिकडे. हा आकडा वाचून मी वही मिटून बसलो. कारण याचा अर्थ असा, की चेंडू लागला हे हाताला कळेपर्यंत तो निघून गेलेला असतो. लागल्यावर त्याला वळवू, आवरू, जपून ठेवू, हे शक्यच नाही. जे काही करायचं ते लागायच्या आधी झालेलं असलं पाहिजे. हॉवर्ड ब्रॉडी म्हणून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. १९७९ पासून त्यांनी टेनिसच्या रॅकेटवर शोधनिबंध लिहिले, रॅकेटच्या तोंडावर ‘गोड जागा’ एक नसून तीन असतात असं दाखवलं. शास्त्रज्ञ असे छंद जोपासतात हे मला फार आवडतं.

दुसरं टिपण मी स्वतः मांडलेलं गणित. रॅकेटमधून सुटताना चेंडूची दिशा एका अंशाने चुकली, तर ७८ फुटांवर तो साधारण सोळा इंच बाजूला पडतो. एक अंश म्हणजे कंपासपेटीतल्या कोनमापकावरची बारीकशी एक रेघ. आता सांगा, धावत येऊन, हात फिरवत, एका अंशाचं काम करायचं, आणि वर कुणी म्हणणार ‘जोर लाव’! माझ्या मते निम्म्या शिकवणाऱ्यांनी हे गणित एकदा मांडून बघावं.

तर नातीला म्हटलं, चल, दाखव. आमच्या घरापासून थोड्या अंतरावर एक गिरणी बरीच वर्षं बंद आहे. तिची मागची भिंत सिमेंटची आणि पुढे भात वाळवायची फरशी. मालकांना विचारलं. ते माझेच विद्यार्थी निघाले (जव्हारमध्ये हा एक फायदा आहे, कुठेही गेलं तरी कुणीतरी विद्यार्थी निघतोच). टेप घेऊन गेलो, खडूने भिंतीवर तीन फुटांवर एक रेघ मारली, ती जाळी. तिच्यावर आणखी तीन फुटांवर दुसरी.

मी दगडावर बसून पाहत राहिलो. दोन दिवस काहीच बोललो नाही. मास्तरकीत एवढं तरी शिकलो आहे की आधी मुलाला पूर्ण वाचू द्यावं, मग थांबवावं.

जे दिसलं ते असं. चेंडू येताना ती फक्त हात मागे न्यायची. खांदे जिथल्या तिथे. हात मागे गेला की मूठ आवळायची, इतकी की बोटांची पेरं पांढरी दिसायची. चेंडू शरीराच्या बाजूला येईपर्यंत वाट बघायची, म्हणजे मारायला उशीर. आणि सगळ्यात विशेष म्हणजे, चेंडू लागायच्या क्षणी हात एकदम मंदावायचा. गाडीने गतिरोधक पाहिल्यावर मंदावावं तसा. मी विचारलं, "तिथे का थांबतेस?" म्हणाली, "बाहेर जाईल म्हणून."

हा सगळा पेच इथेच आहे, मंडळी. पुढचं नीट वाचा, कारण मलाही ते कळायला दोन दिवस लागले.

चेंडू आत राहावा म्हणून आपण हळू मारतो. वरवर बरोबर वाटतं. पण टेनिसमध्ये चेंडू आत ठेवण्याचं मोठं काम त्याच्या फिरकीचं असतं. रॅकेट खालून वर घासत गेली की चेंडूचा माथा पुढे फिरतो, त्याला टॉपस्पिन म्हणतात. असा फिरणारा चेंडू हवेतून जाताना हवा त्याला खाली ढकलते. त्यामुळे तो जाळीच्या चांगला वरून जाऊनसुद्धा रेषेच्या आत उतरतो. ही गोष्ट न्यूटनच्याही ध्यानात आली होती. १६७२ सालच्या प्रकाशाच्या रंगांवरच्या पत्रात, तिरप्या रॅकेटने मारलेला टेनिसचा चेंडू वाकडा जातो याची त्याने आठवण काढली आहे. पुढे जर्मन शास्त्रज्ञ मॅग्नस याच्या नावाने हा परिणाम ओळखला जाऊ लागला. आता फिरकी कशाने येते? रॅकेटच्या वेगाने. हात मंदावला की फिरकी गेली, आणि फिरकी गेली की चेंडू लाकडाच्या ढलपीसारखा सरळ जातो, एक तर जाळीत किंवा थेट बाहेर. म्हणजे भीतीने हात आवरला की ज्याची भीती तेच होतं. उलट पूर्ण मारला तर आत राहण्याची शक्यता वाढते, अट एवढीच की त्या वेगातला वाटा वर जायला हवा, सगळा पुढे नाही.

जॉन यांडेल नावाच्या गृहस्थांनी अतिजलद कॅमेऱ्याने मोठमोठ्या खेळाडूंच्या चेंडूंची फिरकी मोजली. सॅम्प्रस आणि अगासी यांचा फोरहँड मिनिटाला सरासरी अठरा-एकोणीसशे फेऱ्यांचा, फेडररचा २७०० च्या आसपास, नदालचा ३२००. आपल्या डोक्यावरचा पंखा मिनिटाला तीन-साडेतीनशे फिरतो. त्यावरून कल्पना करा. नातीला हे सांगितलं तर ती पंख्याकडे पाहतच राहिली.

हे झालं ताबा कशाने येतो त्याचं. आता ताकद.

आमच्याकडे पावसाळा म्हणजे नुसता पाऊस नाही, वेढा असतो. म्हणून मे महिन्यात सरपण फोडून पडवीत रचून ठेवतात. शेजारी लाकडं फोडायला एक बाबा येतात. साठीचे असतील, वजन पन्नास किलोच्या वर नसावं. ऐनाचा ओंडका. ज्यांनी ऐन फोडला आहे त्यांना माहीत आहे तो काय चीज आहे. नात गॅलरीतून बघत होती. बाबा कुऱ्हाड अगदी सावकाश वर नेत, एक हात दांड्यावरून सरकत खाली येई, गुडघे किंचित वाकत, आणि कुऱ्हाड पडे. जोर असा दिसतच नव्हता. ओंडका मात्र दुभंगत होता. तिने खाली जाऊन, "मी करू का?" म्हणून हट्टाने कुऱ्हाड घेतली. दोन्ही हातांनी घट्ट धरली, दात-ओठ खाऊन घातली, ती लाकडात रुतून बसली आणि हातांना झिणझिण्या. बाबा हसले. "पोरी, तू ढकलतेस कशाला तिला? पडू दे. ती जड हाय ना." मग माझ्याकडे वळून, "गुरुजी, हिच्यात जोर लई हाय, पण सगळा मुठीत ठेवलाय."

मंडळी, मी दहा दिवस वाचून वहीची चार पानं भरली होती. त्यातली दोन पानं यात आली.

तरी एक सांगतो, उगाच भाबडेपणा नको. कुऱ्हाड आणि रॅकेट एक नव्हे. लाकूड जागचं हलत नाही, चेंडू हलतो. कुऱ्हाडीला वजनच काम करून देतं, रॅकेट असते तीनशे ग्रॅमच्या आसपास. लाकडं फोडून कुणी टेनिसपटू होत नाही. पण जोर कुठून निघतो आणि कुठे अडकतो, एवढं त्यावरून नीट दिसतं.

जोर निघतो जमिनीतून. पाय जमिनीला रेटतात, त्यातून कंबर वळते, कंबरेमागून छाती-खांदे, मग दंड, मग कोपरापुढचा हात, शेवटी रॅकेट. स्लॅब टाकताना बायामाणसं रांगेने घमेली पुढे देतात ना, तसं. प्रत्येकाने मागच्याकडून घ्यायचं आणि पुढच्याला द्यायचं. मधला एक जण दचकला, किंवा घमेलं छातीशी धरून उभा राहिला, की रांग तुंबते. नातीची रांग मनगटाशी तुंबत होती. आणि खांदे वळतच नसल्यामुळे मागची निम्मी माणसं कामावर आलेलीच नव्हती. पंधरा वर्षांच्या मुलीचा एकटा दंड किती काम करणार? त्यात ताकद नाही हे खरंच आहे. पण फटका दंडाचा नसतोच मुळी.

म्हणून आम्ही जे केलं ते फार थोडं. पहिले चार दिवस चेंडूच नाही. चेंडू येतोय असं समजून आधी खांदे वळवायचे, डावा हात रॅकेटला तसाच धरून. हा डावा हात मोठा उपयोगी आहे, तो रॅकेटवर राहिला की खांद्यांना वळावंच लागतं, पळवाट उरत नाही. मग मूठ. तिची पकड त्यांच्या भाषेत सेमी वेस्टर्न. रॅकेटच्या मुठीला आठ बाजू असतात, त्यातल्या चौथ्या बाजूवर पहिल्या बोटाचं मूळ. ती मी बदलली नाही, बदलायचा अधिकारही मला नाही. ती शिकवणाऱ्यांची गोष्ट. फक्त मूठ किती आवळायची तेवढं पाहिलं. हिने सुचवलं, हातात मांजराचं पिल्लू धरल्यासारखी धर. आजीचं शास्त्र! पण लागू पडलं.

मग भिंत. सावकाश, अगदी हळू, पण पूर्ण. हात मध्ये थांबवायचा नाही, फटका संपताना रॅकेट डाव्या खांद्यापलीकडे गेलीच पाहिजे. चेंडू खालच्या रेघेच्या वरून गेला पाहिजे, आणि वरच्या रेघेच्या जवळ गेला तर उत्तम. पहिल्यांदा तिला हे वेडेपणाचं वाटलं, कारण तिला जाळीला चाटून मारायची सवय लागली होती. टीव्हीवर कॅमेरा उंचावरून दाखवतो म्हणून चेंडू जाळीला घासून गेल्यासारखे वाटतात. प्रत्यक्षात चांगले खेळाडू जाळीवर भरपूर जागा ठेवतात.

आणखी एक हिशेब तिला कागदावर काढून दिला. पायथागोरसचं प्रमेय, नववीचंच. एकेरीच्या कोर्टाचा कर्ण साडेब्याऐंशी फूट येतो. म्हणजे तिरका मारला तर साडेचार फूट जास्त जागा मिळते, शिवाय चेंडू जाळीच्या मधल्या, कमी उंचीच्या भागावरून जातो. अवघड वेळी तिरकं का मारतात हे तिला पाच वर्षांत कुणी सांगितलं नसेल असं नाही. पण स्वतः वर्गमूळ काढल्यावर ते तिचं झालं.

चेंडूपर्यंत वेळेत पोचणं आणि तो शरीराच्या थोडा पुढे घेणं, हे मात्र भिंतीवर पुरतं साधत नाही. तिथे मी विटीदांडू काढला. हो, खरंच काढला! माझं बालपण अकोले तालुक्यातलं, तिकडे आम्ही बाभळीची विटी करायचो. वकट, लेंड, मूंड, नाल... ज्यांना आठवतं त्यांना आठवतं. विटी टोकावर हलकेच मारून उडवायची आणि ती हवेत असताना टोला. उडालेली विटी कधी पोटाजवळ येते, कधी लांब जाते. तिच्यामागे पायाने जावं लागतं, नुसता हात लांबवून भागत नाही. आणि नजर विटीवर, जिकडे मारायचंय तिकडे नाही. पहिल्या दिवशी तिने दहातले आठ टोले हवेत घातले. बघ्यांची गर्दी जमली. आमच्या गल्लीतली पोरं पोटभर हसली, आणि मग एक सातवीतला मुलगा पुढे येऊन म्हणाला, "ताई, डोकं हलवू नका." डोकं! मी वाचलं होतं की फेडररचं डोकं फटक्याच्या क्षणी आणि त्यानंतरही क्षणभर जागचं हलत नसे. नजर चेंडू लागला त्या जागेवरच. इथे मोखाड्याकडे मे महिन्यात बायका डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन चढ चढतात (एवढा पाऊस पडणारा मुलूख, उन्हाळ्यात टँकरची वाट बघतो, आणि वैतरणेचं पाणी जातं मुंबईला, त्यावर वेगळं लिहीन). त्यांचे पाय, कंबर सगळं चालत असतं आणि डोकं स्थिर. नातीला गाडीतून ते दाखवलं होतं, तेव्हा ती नुसती हळहळली होती. दुसऱ्यांदा तिने वेगळ्या डोळ्यांनी पाहिलं असावं. ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही.

मोखाड्याचं नाव निघालं म्हणून सांगतो. ऐंशीच्या दशकात आमच्या शाळेत तिकडची एक मुलगी होती, वसतिगृहात राहायची. शाळेत गोळा एकच होता. बाकीची मुलं तो हाताने फेकायची आणि तो पायाशी पडायचा. ही पोर वळायची, टाचेपासून उठायची आणि गोळा तिच्या बोटांतून जाताना शेवटपर्यंत ती त्याच्यामागे असायची. कुणी शिकवलं नव्हतं. मला तर येतच नव्हतं, मी काय शिकवणार? मी फक्त अंतर मोजायचो आणि पुन्हा मोजायचो, कारण विश्वास बसायचा नाही. आठवीत तालुक्याला पहिली आली. नववीत दिवाळीनंतर आई-बाप वीटभट्टीवर निघाले, धाकटी भावंडं सांभाळायला तिला बरोबर नेलं. ती परत आली नाही. बऱ्याच वर्षांनी मोखाड्याच्या बाजारात भेटली, कडेवर नातू. मला ओळखून म्हणाली, "गुरुजी, तो गोळा हाय का शाळेत अजून?"

सावरपाडा इथून फार लांब नाही, हरसूलच्या बाजूला. तिथली कविता राऊत २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला ब्राँझ घेऊन आली, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. ती निभावली. किती निभावल्या नाहीत याची मोजदाद कुणी ठेवत नाही.

हे नातीला सांगितलं का? नाही. तिच्यावर कुणाचं ओझं टाकायचं नव्हतं. चिरंजीवांना मात्र फोनवर सांगितलं. त्याने नुसतं "हं" केलं.

पुण्यात टेनिसचं वातावरण काही कमी नाही. बालेवाडीला २०१८ पासून २०२३ पर्यंत, मधलं २०२१ सोडून, एटीपीची स्पर्धा भरायची. नातीने तिथे गॅलरीत बसून मोठे खेळाडू पाहिले आहेत. ऋतुजा भोसले तिची आवडती. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण तिने जिंकलं, तेव्हा घरात पेढे आले होते. माझ्या पिढीचे नाटेकर म्हणजे नंदू नाटेकर, सांगलीचे. आधी टेनिस खेळायचे, मग बॅडमिंटनकडे वळले आणि १९५६ मध्ये परदेशात स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. पुढे त्यांचे चिरंजीव गौरव नाटेकर टेनिसमध्ये गेले आणि १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्ण मिळवलं. मी हे कौतुकाने सांगितलं तर नात म्हणाली, "म्हणजे आबा, नाटेकरांच्या घरात बाबा आणि मुलगा, दोघांनी आपापलं ठरवलं." मी पाणी प्यायला आत गेलो.

मे संपता संपता भिंतीवरचा आवाज बदलला. हे कसं लिहून सांगू? आधी ‘ठप्’ असा बसका आवाज यायचा, आता ‘टॉक्’ असा मोकळा. चेंडू भिंतीवर दुसऱ्या रेघेच्या जवळ लागून फरशीवर टप्पा घेतला की उसळून तिच्या खांद्यापर्यंत यायला लागला. ती दमायची कमी. मनगटाला लावायचा तो पट्टा बॅगेतच राहिला. सगळे चेंडू काही नीट जात नव्हते, दहातले सहा म्हणू. तीन-चार छपरावर गेले, ते अजून तिथेच आहेत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात चिरंजीव न्यायला आले. संध्याकाळी चहा घेऊन भिंतीकडे आले, हात मागे बांधून उभे. ती मारत होती. त्याच्याकडे तिने पाहिलं नाही, आणि मुख्य म्हणजे हातही मंदावला नाही. मी ते बघत होतो. थोड्या वेळाने तो पुढे गेला, फरशीवरचे चेंडू गोळा केले आणि एकेक तिला टाकू लागला. अर्धा तास दोघं बोलले नाहीत. मग त्यानेच विचारलं, "तारा बदलायला किती घेतात आता?"

ठरलं ते असं, की दिवाळीपर्यंत चालू ठेवायचं. आठवड्याचे पाच दिवस होते ते तीन. शिकवणारे बदलले. एका बाई आहेत, स्वतः खेळलेल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी पायांवर काम सुरू केलं म्हणे. ऑगस्टमध्ये एका लहानशा स्पर्धेत नात दुसऱ्या फेरीत ४-६, ५-७ हरली. फोनवर मी विचारलं, फोरहँड कसा होता? म्हणाली, "बाहेर खूप गेले आबा. पण मारून गेले."

आता एक शंका आहे. नव्या बाईंनी तारांचा ताण ५५ पौंडांवरून ५२ वर आणायला सांगितलं आहे. ताण कमी केला की चेंडूला थोडा जास्त जोर मिळतो आणि ताबा जरा सुटतो, एवढं मी वाचलंय. शिवाय पॉलिएस्टरच्या ताठ तारांऐवजी मऊ तारा घ्या म्हणतात, कोपरासाठी. चिरंजीव विचारतोय, घ्याव्यात का? तुमच्यापैकी कुणाची मुलं खेळत असतील, किंवा कुणी स्वतः खेळत असेल, तर पंधरा वर्षांच्या मुलीच्या हाताला कोणत्या तारा सोसतात ते जरूर कळवा. दुकानदाराचं ऐकायचं नाही असं ठरलंय.